हाकेच्या आधी

९ मार्च

प्रिय काका,

तबकडी-नेमबाजीची पहिली निवड स्पर्धा काल संपली. बारा जणींत मी आठवी आले.

तुम्ही विचारायच्या आधीच सांगते. वारा नव्हता. बंदूक ठीक आहे. काडतुसं नेहमीचीच. झोप चांगली झाली होती. तबकड्या नारिंगी होत्या आणि समोरच्या खंदकातून वर येत होत्या, आपल्याकडे येतात तशाच. मी हाक देत होते, तबकडी सुटत होती, आणि तोवर माझी बंदूक भलतीकडेच गेलेली असायची. तबकडी डावीकडे, तर मी उजवीकडे. तबकडी सरळ, तर मी डावीकडे. दुसऱ्या काडतुसाने काही सावरल्या, म्हणून आठवी तरी.

कोच म्हणतात, तबकडी दिसायच्या आत तू हलतेस. मी म्हटलं, घरी मी असं करत नाही. त्यांना ते माहीत आहे. त्यांनी मला आपल्याच रेंजवर पाहिलं होतं. तिथे मी सगळ्या फोडत होते आणि त्यांना वाटलं होतं, खजिना सापडला. आता ते त्या खजिन्याकडे बघतात आणि वही मिटतात. काल म्हणाले की काही लोकांना घराबाहेर भीती वाटते आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. शिबिरातल्या मुली मला घरकोंबडी म्हणायला लागल्या आहेत. प्रेमाने म्हणतात, पण म्हणतात.

यंदाची पद्धत अशी आहे: तीन निवड स्पर्धा आणि जागतिक स्पर्धेच्या संघात तीन जागा. जी स्पर्धा जिंकेल ती संघात. एक जागा काल गेली. उरलेल्या दोन्ही गेल्या तर मला इथली खोली सोडावी लागेल, आणि माझ्या वयात पुन्हा कोणी बोलवत नाही. मी एकतीस वर्षांची आहे. इथे मी आजी आहे.

काका, मला भीती वाटते का? मला तरी तसं वाटत नाही. पण भित्र्या माणसाला ते कळतं का, हे मला माहीत नाही.

काल फोन केला होता. काकू म्हणाली, तुम्ही बाहेर गेला आहात. मागे तुमचा खोकला ऐकू येत होता.

तुमची,
भिंगरी


१८ मार्च

भिंगरीस,

पत्र पोचलं. तुझ्या कोचना माझा निरोप सांग. ही मुलगी सात वर्षांची असताना रेंजवरच्या पाण्याच्या टाकीवर चढून बसली होती. तिला उतरवायला मी वर चढलो आणि मग तिने मला उतरवलं. भीतीबद्दल मला एवढंच माहीत आहे.

घराबाहेर चुकणं हे काही तुझं एकटीचं नाही. गेल्या रविवारी शेजारच्या क्लबशी त्यांच्या रेंजवर सामना होता. आपले दंतवैद्य, हिशेबनीस आणि मुख्याध्यापिका, तिघंही हरली. घरी ही माणसं गप्पा मारत तबकड्या फोडतात. दंतवैद्यांनी तिथल्या सुपाला दोष दिला. मुख्याध्यापिकांच्या मते सूर्य चुकीच्या बाजूला होता. हिशेबनीस म्हणाला, त्यांच्याकडे माइक आहे, तबकडी माइकवर सुटते, त्याने घोळ होतो. मी त्याला म्हटलं, माइक हाक ऐकतो आणि तबकडी सोडतो, मीही बटण दाबून तेच करतो, मग माइकला कशाला नावं ठेवतोस. आपला क्लब आपल्या रेंजवर कधी हरत नाही आणि बाहेर कधी जिंकत नाही. याचं कारण सरळ आहे. बाहेरच्या रेंज वाईट बांधलेल्या असतात.

समितीच्या डोक्यात आता आपल्याकडेही माइक बसवायचं आलं आहे. मी बैठकीत विचारलं, तुमच्या त्या माइकला हाक आणि खोकला यांतला फरक कळतो का? कोणाकडेही उत्तर नव्हतं. किंवा असेलही, मी तोवर उठलो होतो.

फोन करत जाऊ नकोस. हल्ली फोनच असे बनवतात की माणूस उशीत तोंड खुपसून बोलतोय असं वाटतं. मोबाइलच्या काचेवर माझी बोटं मावत नाहीत. पत्र बरं. दोनदा वाचता येतं.

मे महिन्यात चार दिवस ये. खंदकातली सगळी यंत्रं तेलपाणी करून ठेवतो. तू माझ्या बटणावर कधी चुकली नाहीस. तुला घरचं वारं लागलं की बरं वाटेल.

काका


२ जून

प्रिय काका,

घरचं वारं लागलं. बरंही वाटलं. चार दिवसांत एकच तबकडी हुकली, तीही कुत्रा भुंकला म्हणून. तुम्ही मागच्या खुर्चीवर बसला होता, हातात बटणाची डबी, आणि मला वाटत होतं की माझं काहीच बिघडलेलं नाही.

मग इथे येऊन दुसरी स्पर्धा झाली. सातवी आले. दुसरी जागाही गेली. आता एकच उरली आहे, सप्टेंबरची.

कोचनी मला मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी डोळे मिटायला लावले आणि म्हणाले, आपण घरच्या रेंजवर आहोत अशी कल्पना करा. मी केली. मग म्हणाले, आता नेम धरा. मी सगळ्या फोडल्या. डोळे उघडल्यावर ते समाधानाने म्हणाले की अडचण सापडली, तुम्हाला घर सोडवत नाही. एवढं तर मलाही माहीत होतं.

पण लिहायचं कारण वेगळंच आहे. माझ्या खोलीत जी राहते तिला सगळे शिडी म्हणतात. बल्ब बदलायला तिला खुर्ची लागत नाही. तीही याच शेवटच्या जागेसाठी झगडते आहे. मे महिन्यात दंतवैद्यांनी माझा व्हिडिओ काढला होता ना, तो तिने बघायला मागितला. मला वाटलं, हसायला मागते आहे. तिने तो हळू करून लावला. मग पुन्हा लावला. मग आवाज वाढवला आणि मला जवळ बोलावलं.

तबकडी खंदकाच्या बाहेर आली आहे, आणि माझं तोंड अजून बंद आहे. हाक त्यानंतर येते.

आम्ही सगळ्या पाहिल्या. प्रत्येक वेळी तेच. कधी केसभर आधी, कधी चांगलीच आधी, पण हाकेनंतर एकही नाही. शिडीने विचारलं, बटण कोणाच्या हातात आहे? मी सांगितलं, काकांच्या. तिने व्हिडिओ पुन्हा मागे नेला. मग म्हणाली, "तुझे काका तू बोलायच्या आधीच ऐकतात."

काका, तुम्ही बटण नक्की कधी दाबता?

तुमची,
भिंगरी


१० जून

भिंगरीस,

बटण हाकेवर दाबतो. आणखी कशावर दाबणार?

मी ही डबी हातात घेतली तेव्हा तुझी शिडी जन्मलीही नसेल. मोबाइलच्या व्हिडिओत आवाज चित्राच्या मागे पडतो. टीव्हीवर बघ, तिथेही माणसाचे ओठ आधी हलतात आणि आवाज मागाहून येतो, आला तर.

तरी उगाच कोणाच्या मनात शंका नको, म्हणून शनिवारी सगळ्यांसमक्ष प्रयोग केला. खुर्ची उलटी फिरवली. नेमबाजाकडे पाठ करून बसलो, म्हणजे मी बघून दाबतो असं कोणी म्हणायला नको. हिशेबनिसाला जागेवर उभं केलं आणि सांगितलं, तुझ्या सोयीने दहा हाका दे, मी दहा तबकड्या सोडतो. मग बसून राहिलो. त्याने एकही हाक दिली नाही. मी वाट बघतो आहे, ऊन चढतं आहे, आणि हा मनुष्य मुका. शेवटी माझ्यासमोर येऊन उभा राहिला, तोंड लालबुंद, आणि म्हणतो काय, की दहाही देऊन झाल्या. इतकं धडधडीत खोटं बोलणारा माणूस आपण समितीवर ठेवला आहे.

काकू बाकावर बसून हसत होती. कशाला, ते विचारलं तर सांगत नाही.

तू तुझ्या डॉक्टरांकडे लक्ष दे. माझ्या अंगठ्याकडे नको.

काका


१० जून

भिंगरी,

तुझे काका पत्र टाकायला गेलेत. ते यायच्या आत लिहिते.

हिशेबनिसाने दहाही हाका दिल्या. पाचव्या हाकेला झाडावरचे कावळे उडाले. आठव्या हाकेला पलीकडच्या गोदामाचा रखवालदार काय झालं म्हणून बघायला आला. आणि हे बसले होते, पाठ ताठ, डबी हातात, चेहऱ्यावर असा भाव की बघा, मी किती कान देऊन ऐकतो आहे. मला हसू आलं. मग घरी येऊन थोडं रडूही आलं, पण ते थोडंच.

त्यांना ऐकू येत नाही. अगदीच येत नाही असं नाही, पातेलं पडलं तर वळून बघतात. दाराची घंटा वाजली की कुत्रा उठतो, आणि कुत्रा उठला की हे उठतात. लोकांना वाटतं, काय तत्पर माणूस. माझं बोलणं ते तोंडाकडे बघून समजून घेतात. त्यामुळे दिवे गेले की आमचं भांडण तिथल्या तिथे थांबतं. जन्मभर बंदुकीच्या आवाजात बसले आणि कानात बोळे कधी घातले नाहीत. का, तर हाक ऐकू यायला हवी.

हे त्यांचं त्यांना माहीत आहे का, हे मला इतकी वर्षं जवळ राहूनही सांगता येत नाही.

मी मागे बसून पाहिलंय. तू बंदूक लावलीस की तुझा खांदा जरासा वर येतो आणि मग खाली बसतो. तो बसला की यांचा अंगठा बसतो. दंतवैद्य मान आखडतात. मुख्याध्यापिका टाच उचलतात. क्लबातल्या प्रत्येकाचं यांना पाठ आहे. बाहेरचे लोक येतात त्यांचं नसतं. त्यांना तबकडी कधीही मिळते, ते चिडतात, चुकतात आणि हरून जातात. मग आपण पेढे वाटल्यासारखे एकमेकांकडे बघतो.

मी बोलले नाही, कारण डबी हातातून गेली तर रोज सकाळी उठून हे जाणार कुठे? पण त्यापायी तुझी जागा जाते आहे असं मला माहीत नव्हतं. आता तुला योग्य वाटेल ते कर. फक्त त्यांना हसू नकोस. हसायचं तेवढं मी हसून घेतलंय.

पावलं वाजतायत.

काकू


२७ जून

प्रिय काका,

कोचना व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो उभ्याने पाहिला, मग पायरीवर बसून पाहिला, आणि मग इतके हसले की शेजारच्या रेंजवरचे पंच नियम मोडला की काय म्हणून बघायला आले. हसून झाल्यावर त्यांना राग आला. मला भित्री म्हटल्याचा राग होता, स्वतःवरचाच. मनाच्या डॉक्टरांकडे आता जावं लागत नाही. घरकोंबडी हे नावही गेलं. आता मी महाराणी आहे, कारण मी मागायच्या आत मला तबकडी हजर होत होती.

बिघाड काय आहे ते आता मला कळलंय. इतकी वर्षं मी तयार झाले की तबकडी यायची. हाक मी नुसती सवयीने द्यायचे. म्हणून हाकेबरोबर मी हलते. माझ्या लेखी तबकडी निघालेली असते. इथे माइक आहे. तो हाक ऐकतो, मग सोडतो. दोन्हींच्या मधे एक क्षण असतो. अगदी लहान. सगळ्या जगाला तो माहीत आहे. मी त्यात कधी उभीच राहिले नव्हते.

आता रोज तेच शिकते. माइक बंद ठेवतात आणि शिडी बटण घेऊन मागे बसते. ती कधी लगेच दाबते, कधी सावकाश, कधी सफरचंद खात बसते आणि दाबतच नाही. मी हाक देते आणि भिंतीसारखी उभी राहते. पहिल्या आठवड्यात सगळं बिनसलं. आता थोडं जमतं. मी तिला विचारलं, आपण दोघी एकाच जागेसाठी भांडतोय, मग तू हे का करतेस? ती म्हणाली, बिघडलेल्या माणसाला हरवण्यात काय मजा.

काका, तुमच्यावर माझा राग नाही. हाकेआधी सुटलेली तबकडी मोजायची नाही, हा नियमही तुम्हीच मला शिकवलात. पण दोन गोष्टी मागते.

सप्टेंबरच्या स्पर्धेला येऊ नका. तुम्ही मागे बसलात तर माझा खांदा तुमच्याशीच बोलायला लागेल.

दुसरं म्हणजे, एकदा कानांच्या डॉक्टरांकडे जाऊन या. माझ्यासाठी म्हणत नाही, क्लबासाठीही नाही. दिवे गेल्यावरही काकूला भांडता यायला हवं.

तुमची,
भिंगरी


५ ऑगस्ट

भिंगरीस,

महिनाभर लिहिलं नाही, कारण मी रागावलो होतो. तुझ्यावर थोडा, माझ्यामागे पत्रं लिहिणाऱ्या काकूवर जास्त, आणि सगळ्यात जास्त या गोष्टीवर, की मला हिशेबनिसाची माफी मागावी लागली. त्याने लगेच माफ केलं. त्याचाही राग आला.

येऊ नका म्हणालीस. येणार नाही. याबद्दल आणखी काही लिहीत नाही.

कानांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. तरुण बाई आहेत. त्या तुम्हाला काचेच्या खोक्यात बसवतात, कानावर टोप्या चढवतात, बाहेर बसून त्यांच्या यंत्राची बटणं दाबतात आणि सांगतात, आवाज आला की बोट वर करा. मी बोट वर करत गेलो. एकही चुकलो नाही. बाई चकित झाल्या. म्हणाल्या, या वयात असे कान मी पाहिले नाहीत. मला फार बरं वाटलं. तेवढ्यात बाहेर बाकावर बसलेली काकू उठली, खोक्याचं दार उघडून आत आली, आणि माझी खुर्ची भिंतीकडे फिरवून पुन्हा जाऊन बसली.

त्यानंतर बराच वेळ मला वाटत होतं की तपासणी संपली आणि बाई चहाला गेल्या.

मी फसवत नव्हतो. तुला हे पटलं पाहिजे. बाईंचं मनगट खाली गेलं की मला आवाज यायचा. खरोखर यायचा. तुझी हाकही मला रोज ऐकू यायची, अगदी स्वच्छ. घरी येऊन विचार केला तेव्हा लक्षात आलं की मला ऐकू यायची ती हाक बारीक होती, तू पहिल्यांदा बंदूक उचललीस त्या वेळची. तू मोठी झालीस आणि आवाज तेवढाच राहिला, याची मला कधी शंका आली नाही.

आता दोन्ही कानांत शेंगदाण्याएवढं यंत्र आहे. जग फार कटकटीचं आहे. फ्रिज रात्रंदिवस कण्हतो. माझे बूट करकरतात, आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं. काकू स्वयंपाकघरात एकटीच बोलते, बरंचसं माझ्याबद्दल. काल मी दारातून उत्तर दिलं तर तिच्या हातातली वाटी पडली. तीही ऐकू आली.

समितीने विचारलं, डबी ठेवता की माइक आणू? मी म्हटलं, आधी मला एकदा हाक ऐकून बटण दाबून बघू दे.

तुला शिकवायचं माझ्याकडे काही उरलं नाही. थांब, एवढंच सांगतो. ते मलाही आत्ताच कळलंय.

काका


२१ सप्टेंबर

प्रिय काका आणि काकू,

निकाल शेवटी सांगते. आधी उडी मारून खाली बघू नका. काका, तुम्ही बघितलंच असेल. वर या.

पहिल्या दिवशी मी पाचवी होते, दुसऱ्या दिवशी दुसरी. काल दुपारी सगळ्या फेऱ्या संपल्या तेव्हा फलकावर सगळ्यांत वर दोन नावं होती आणि दोघींचे गुण सारखे. एक मी. दुसरी कोण असेल ते तुमच्या लक्षात आलं असेल.

बरोबरी सुटेपर्यंत आळीपाळीने एकेक तबकडी. काडतूस एकच, दुसरी संधी नाही. एकीची फुटली आणि दुसरीची हुकली की संपलं. आम्ही बाजूबाजूला बाकावर बसून काडतुसं मोजत होतो. शिडी समोर बघत म्हणाली, "तुझा तो व्हिडिओ मी बघायलाच नको होता." मी तिला पाण्याची बाटली दिली. तिने अर्धी प्यायली आणि अर्धी मला परत दिली.

तिची फुटली, माझी फुटली. पुन्हा तिची, पुन्हा माझी. आम्ही दर तबकडीनंतर उभं राहायच्या पुढच्या खुणेवर सरकत होतो, आणि मी तिच्या पाठीकडे बघत नव्हते. तिसऱ्या वेळी तिला अगदी उजवीकडची मिळाली, सपाट आणि जोरात. तिने उत्तम नेम धरला होता. तबकडी तशीच पुढे गेली आणि गवतावर जाऊन अख्खी पडली. पंचांनी हात खाली केला.

मग माझी वेळ.

पाय ठेवले. बंदूक लावली. खांदा वर आला आणि खाली बसला. पूर्वी इथे तबकडी यायची. आली नाही. मी हाक दिली. आणि मग तो मधला क्षण आला. मला वाटायचं, तिथे भीती असेल किंवा घाई असेल. काहीच नव्हतं. समोर खंदकाची कड होती, त्यापलीकडे गवत, आणि मी थांबले आहे एवढंच मला कळत होतं. मग डावीकडे नारिंगी रेघ उठली. बंदूक तिच्यामागून निघाली, आधी नाही. तबकडीचा धूर झाला.

मी संघात आहे.

शिडीने मला मिठी मारली, म्हणजे उचललं. माझे पाय जमिनीला लागत नव्हते तेव्हा तिने कानात सांगितलं की पुढच्या वर्षी मी तुला बिघडलेली असतानाच हरवणार. ती राखीव म्हणून आमच्याबरोबर येते आहे. विमानात तिचे पाय कुठे ठेवायचे यावर कोच सकाळपासून विचार करत आहेत.

काका, मागे वळून बघायचा मोह झाला होता. मागे एक अनोळखी पंच उभे होते. त्यांनी मान हलवली. मीही हलवली.

तुमची,
भिंगरी


१ ऑक्टोबर

भिंगरीस,

तुझं पत्र काकूने मोठ्याने वाचलं. मी शेजारच्या खोलीत होतो. सगळं ऐकू आलं. निकाल शेवटीच कळला.

आम्ही दोघांनी त्यावर काय केलं ते लिहीत नाही. कुत्रा घाबरून बाहेर गेला, एवढं सांगतो.

क्लबात मात्र बंड झालंय. मी आता ऐकून दाबतो, तेव्हापासून एकाचाही नेम लागत नाही. दंतवैद्य दहातल्या चार फोडतात. मुख्याध्यापिकांनी बंदूक तपासायला पाठवली. हिशेबनीस म्हणतो, तबकडी उशिरा येते. मी म्हणतो, तबकडी वेळेवर येते, तुम्ही लवकर जाता. कोणी ऐकत नाही. आता ऐकू न येण्याची पाळी त्यांची आहे.

गेल्या रविवारी समितीने रीतसर ठराव मांडला. मुख्याध्यापिकांनी वाचला, खणखणीत आवाजात. रेंजवर असताना काकांनी कानांतली यंत्रं काढून खिशात ठेवावीत. सगळ्यांनी हात वर केले. ज्याच्या दहा हाका वाया गेल्या होत्या त्यानेही केला.

मी उभा राहिलो. मी म्हटलं, "आपली भिंगरी जागतिक स्पर्धेला निघाली आहे. तिथे तबकडी हाकेनंतर येते." दंतवैद्यांनी विचारलं, म्हणजे किती नंतर? मी म्हटलं, तुम्हाला थांबावं लागेल इतक्या नंतर. यावर बरीच कुजबुज झाली. सगळी ऐकली. दोन गोष्टी माझ्या विरुद्ध होत्या, एक बाजूने. शेवटी ठरलं की हिवाळ्यापर्यंत असंच चालवून बघायचं आणि मग बाहेरच्या रेंजवर एक सामना घ्यायचा.

आज सकाळी दंतवैद्य पहिले आले. जागेवर उभे राहिले, बंदूक लावली, तयार झाले. आणि माझा अंगठा निघाला. तुला म्हणून सांगतो. कानांत यंत्र आहे, डोक्याला सगळं माहीत आहे, तरी निघाला. मी तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला. ते थांबले होते. मीही थांबलो. समोर गवत होतं.

मग त्यांची हाक आली, आणि मी अंगठा सोडला.

काका